नदीकाठाला कुंपण घालून झाडं लावावीत, की आधी म्हशींना विचारावं?

काठवळण
मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज गरज पडली म्हणून लिहितोय.

जमीन नदीला लागून आहे. काठ साधारण ४०० मीटर. ९ गाई, ४ म्हशी, वर कालवडी. सगळी जनावरं वर्षानुवर्षं एकाच उतारानं पाण्यावर जातात आणि त्या उताराची आता घळ झालीय. दर पावसाळ्यात दोन्ही बाजूंचा काठ ढासळतो. लहानपणी ज्याच्या फांदीवरून पाण्यात उड्या मारल्या ते करंजाचं झाड ३ वर्षांपूर्वी मुळासकट वाहून गेलं.

गेल्या उन्हाळ्यात हुरूप आला. काठापासून ५ मीटर सोडून पाच पदरी काटेरी तार ओढली आणि आत २०० रोपं लावली. पहिल्याच पुरात तारेत पालापाचोळा, ओंडके आणि कुठूनशी वाहत आलेली एक लाकडी खाट अडकली. ६० मीटर कुंपण खांबांसकट आडवं झालं. त्या भगदाडातून म्हशी आत शिरल्या. २०० पैकी ३१ रोपं आज उभी आहेत, त्यातलीही काही केवळ सवयीनं.

प्रश्न असा: पुन्हा कुंपण घालू का? नुसती झाडं पुरतील का? की जनावर पाण्यावर जाणारच, आपण नाद सोडावा?

सरडा
कुंपण म्हटलं की माझी धाव आलीच. खाटेवर कोणी नव्हतं ना?

काठवळण
नशिबानं नव्हतं. खाट मात्र मजबूत निघाली. सुंभ नवा घातला, वापरतोय.

ओलीमाती
सहा महिन्यांत ६० मीटर कुंपण गमावून एक खाट कमावली, हिशेब फार वाईट नाही. :)

आता मुद्द्याचं. काठ ढासळण्यामागं दोन गोष्टी असतात आणि त्या एकमेकींना हात देतात. गाईचं सगळं वजन चार खुरांवर येतं. ओल्या काठावर खूर टेकला की माती दाबली जाते, कडा खाली सरकते आणि पुढच्या पुराला पकडायला आयती खाच मिळते. दुसरं, जनावर कोवळा कोंब आधी खातं. मोठं झाड म्हातारं होतं, त्याच्या जागी नवं उभंच राहत नाही. तुमचा करंज गेला तो त्या एका पुरानं नाही. त्याच्या आजूबाजूला २० वर्षांत एकही पोरगं झाड वाढलं नाही, म्हणून मुळांची जाळी विरळ झाली आणि तो गेला. पात्र रुंद आणि उथळ झालं की पाणी तापतं, तळावर गाळ बसतो, माशांना अंडी घालायला खडे उघडे राहत नाहीत.

पण माझा सल्ला कुंपणापासून सुरू होत नाही. जनावराला दुसरीकडे पाणी द्या, ही पहिली पायरी. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. तिथं ओढ्यालगतच्या कुरणात कुंपण न घालता फक्त झऱ्याच्या पाण्याचा हौद दिला. निवड गुरांवर सोडली होती. त्यांनी पाणी पिण्याच्या वेळेतला ९२ टक्के वेळ हौदावर घालवला आणि काठाची धूप ७७ टक्क्यांनी घटली. एका खांबाचाही खड्डा न खणता.

चिखलपाय
आकडे ऐकायला गोड आहेत. माझा अनुभव कडू.

मीही हौद बांधला. फ्लोट बसवला, पाणी कधी आटू दिलं नाही. गाई सकाळी हौदावर पाणी पीत आणि मग शिस्तीत रांगेनं नदीवर जाऊन बसत. महिनाभर डोकं खाजवलं. मग एक दिवस दुपारी स्वतः हौदाजवळ उभा राहिलो आणि दहा मिनिटांत मीच नदीकडे चालू लागलो. अख्ख्या कुरणात सावली फक्त काठावर होती! पाणी ही त्यांची निम्मीच गरज. उरलेली निम्मी मी बघितलीच नव्हती.

ओलीमाती
@चिखलपाय, एकदम बरोबर, हे मी लिहायला हवं होतं. त्या अभ्यासाचं वाचून हौद बांधणारे बरेच जण इथंच अडकतात. हौद, सावली आणि चाटण-मीठ तिन्ही काठापासून लांब आणि शक्य तर उंचावर हवीत. मिठाची वीट नदीजवळ टांगणारे लोक मी पाहिलेत. म्हणजे पाहुण्याला दारात उभं करून आत येऊ नका म्हणायचं.

रेडकू
तुम्ही सगळे गाईंबद्दल बोलताय. धागाकर्त्याच्या ४ म्हशी आहेत, त्यांचं काय?

म्हशीची कातडी काळी, केस विरळ, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कितीतरी कमी. तिला उष्णता बाहेर टाकायला पाणी किंवा चिखल अंगावर लागतोच. डुंबणं ही तिची चैन नाही. हौदानं तहान भागेल, ताप उतरणार नाही. तिला नदीपासून तोडलं आणि दुसरं काही दिलं नाही, तर एक तर ती कुंपण तोडेल, नाहीतर उन्हात धापा टाकत उभी राहील आणि दूध कमी होईल. काटेरी तार म्हशीच्या दृष्टीनं सूचना आहे, मनाई नाही.

आम्ही काठापासून बऱ्यापैकी आत एक डुंबण खणलं. चिकणमातीचा तळ, एका बाजूला सौम्य उतार, हौदातून ओसंडणारं पाणी त्यात. दोन गोष्टी सांभाळा: त्यातलं पाणी वाहून परत नदीत जाता कामा नये, आणि हौद डुंबणाच्या वरच्या अंगाला हवा. नाहीतर महाराणी डुंबून उठतात आणि तशाच हौदात उतरतात. ते जमत नसेल तर सावलीत फवारे लावा.

सरडा
थोडक्यात, नदी वाचवायला आधी म्हशीचा जलतरण तलाव. आम्हाला कोणी बांधून देत नाही.

डॉक्टरगोठा
जनावरांचा डॉक्टर आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो. लोक नदीसाठी कुंपण घालतात, मी जनावरासाठी घाला म्हणतो.

काठाचा दलदलीचा पट्टा म्हणजे गोगलगाईंचं घर. यकृतातल्या चपट्या कृमींचं अर्धं आयुष्य त्या गोगलगाईत जातं. मग त्यांचे कोश पाणथळ गवताला चिकटतात आणि तेच गवत जनावर खातं. वर्षाला दोनदा औषध पाजायचं आणि जनावर पुन्हा त्याच चिखलात सोडायचं, हे गळक्या घागरीत पाणी भरणं आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मूत्रातून पाण्यात येतात आणि ते पाणी खालच्या अंगाच्या कळपाकडे जातं, माणसांकडेही. सतत चिखलात उभं राहून खुरांच्या बेचक्यात कुजतं ते वेगळं.

आणि गढूळ पाणी जनावर कमी पितं, कमी प्यालं की कमी खातं. कॅनडात अल्बर्टामध्ये कालवडींवर प्रयोग झाला होता. स्वच्छ पाणी पिणाऱ्या कालवडींचं वजन, थेट तळ्यात उतरून पिणाऱ्यांपेक्षा २३ टक्के जास्त वाढलं. ते तळं होतं, वाहती नदी नव्हे, त्यामुळे हाच आकडा आपल्याकडे चिकटवू नका. पण जनावर तोंड लावतं त्याच पाण्यात शेण टाकतं, हे दोन्हीकडे सारखंच.

कात्री
सगळे होकारार्थी माना हलवतायत म्हणून मी जरा कात्री लावतो.

पट्टा किती सोडायचा? न्यूझीलंडनं २०२० साली नियम केला: १ मीटरपेक्षा रुंद पात्राच्या नद्या आणि तलावांपासून गुरं, डुकरं आणि पाळीव हरणं दूर ठेवायची, काठापासून किमान ३ मीटर. (मेंढ्या त्यात नाहीत. तिथल्या मेंढ्यांची संख्या पाहता का नाहीत ते ओळखा.) दुसरीकडे पेनसिल्व्हेनियातल्या दोन ओढे-तज्ज्ञांनी २०१४ साली आधीचे शेकडो अभ्यास चाळले आणि म्हटलं, ओढ्याचं सगळंच नीट राखायचं तर दोन्ही काठांना ३० मीटर तरी वन हवं. ३ कुठं आणि ३० कुठं! ४०० मीटर काठाला ३० मीटर म्हणजे १२,००० चौरस मीटर, ३ एकरांच्या आसपास जमीन गेली. लहान शेतकऱ्यानं नदी वाचवायची आणि स्वतः बुडायचं का?

दुसरं. झाडं लावली की काठ घट्ट होतो आणि पात्र अरुंद होतं असं सगळे धरून चालतात. २००४ साली प्रसिद्ध झालेली मोजणी उलट सांगते. पूर्व अमेरिकेतल्या १६ ओढ्यांवर वनातला भाग आणि उघडा भाग शेजारी शेजारी मोजले. वनातलं पात्र जास्त रुंद निघालं, गवताळ काठाचं अरुंद. मग काठ कोण धरतं, झाड की गवत?

ओलीमाती
@कात्री, मोजणी खरी आहे, पण अर्धीच सांगितलीत. लहान ओढ्यांत दाट गवत दोन्ही बाजूंनी आत सरकतं, गाळ धरतं आणि पात्र आवळतं. सावलीत तसं गवत वाढत नाही, म्हणून वनातलं पात्र मोकळं राहतं. त्याच लोकांचा निष्कर्ष असा होता की रुंद पात्रात तळाची जागा जास्त, जीव जास्त, आणि पाण्यातला नत्र खाऊन टाकायची ताकदही जास्त. त्यांच्या हिशेबी अरुंद होणं हेच नुकसान होतं.

आणि हे लक्षात घ्या, ती तुलना गवत विरुद्ध झाड अशी होती. काठवळण यांच्याकडे गवतही नाही, खुरांनी मळलेला चिखल आहे.

३ की ३० या प्रश्नाला एक उत्तर नाही. शेतातून वाहत येणारा गाळ अडवायला दाट गवताचा थोडा पट्टाही बरंच काम करतो, मुख्य लाभ पहिल्या काही मीटरांतच मिळतो. पाण्याला सावली आणि पाचोळा हवा तर झाडांच्या एकदोन रांगा लागतात. पक्षी, प्राणी, सगळं हवं तर ३० मीटर. आपल्याला काय हवंय ते आधी ठरवावं.

कात्री
हे पटलं. माघार नाही, पण बसतो खाली.

झटकेबाज
कुंपणाचं कोणी बोलेना म्हणून आलो. तुमची चूक कुंपण घालण्यात नव्हती, पाच पदरी काटेरी तार पुराच्या वाटेत घालण्यात होती. पाच पदरी तार ही चाळणी आहे. एकदा पाचोळा भरला की तिची भिंत होते, आणि भिंतीला पाणी ढकलतंच.

पूर येतो तिथं कुंपण जितकं कमी तितकं चांगलं. सरावलेल्या मोठ्या गुरांना झटका मशीनची एक तार पुरते, वासरं असतील तर दोन. साधी गुळगुळीत तार, काटे नकोत. काटेरी तारेत झटका सोडायचाच नाही, जनावर अडकलं तर सुटत नाही. काठाच्या वळणाबरोबर कुंपण वळवू नका, सरळ रेषा मारा. प्रत्येक कोपऱ्याला भक्कम खांब आणि ताण लागतो, पूर नेमका तोच उपटतो. वळणाच्या पोटात जास्त जागा सुटली तर सुटू द्या, तिथं झाडं लावा.

खरी युक्ती म्हणजे तार मुद्दाम एका टोकाला कच्ची बांधा. वरच्या अंगाचं टोक पक्कं, खालच्या अंगाला सहज तुटेल असा दुवा. पूर आला की दुवा तुटतो, तार प्रवाहाबरोबर काठाला लागून आडवी पडते आणि पाचोळा निघून जातो. पाणी ओसरल्यावर ओढून पुन्हा बांधायची, अर्ध्या दिवसाचं काम. माझी तार चार पुरांत चार वेळा पडली, खांब एकही गेला नाही.

तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत उतरतो, म्हणून खालचं गवत कापत राहा. आर्थिंगची सळई ओल्या जागी खोल ठोका. आणि हात जोडून सांगतो, घरातल्या लाईनची वीज थेट तारेत सोडू नका. मशीन सेकंदाला साधारण एकदा, क्षणार्धाचा झटका देतं, त्यामुळे दचकून मागे होता येतं. थेट वीज सोडत नाही, जनावर मरतं आणि माणूसही.

सरडा
पडणारं कुंपण हेच टिकणारं कुंपण. आमच्या हिच्याशी वाद घालताना मी हेच तंत्र वापरतो.

पाणकावळा
अवांतर: सगळं सोडा, लांडगे आणा. अमेरिकेतल्या यलोस्टोन अभयारण्यात १९९५ ला लांडगे परत सोडले, त्यांच्या धाकानं हरणं काठावर रेंगाळेनाशी झाली, झाडं वाढली, नद्याच बदलल्या. ना तार, ना खांब.

ओलीमाती
@पाणकावळा, गोष्ट सुंदर आहे, पण इतकी सरळ नाही. तिथंच काही ओढ्यांवर संशोधकांनी विलोभोवती (आपल्या वाळुंजीच्या जातीचं झाड) कुंपण घातलं, म्हणजे हरणांचा प्रश्नच मिटवला. तरी विलोची वाढ खुरटीच राहिली. बीव्हर, म्हणजे ओढ्यावर फांद्यांचे बांध घालणारे प्राणी, निघून गेल्यानं त्यांचे बांध गेले होते, ओढा खोल उतरला होता आणि भूजल मुळांच्या खाली गेलं होतं. जिथं कुंपणाबरोबर कृत्रिम बांध घालून पाणी वर आणलं, तिथं झाडं नीट वाढली. २०१३ ला हे प्रसिद्ध झालंय.

काठवळण, तुमच्या कामाचं यात आहे. काठ पाण्यापासून किती उंच आहे? दीड-दोन मीटर उभी दरड असेल तर वरची रोपं उन्हाळ्यात कोरडीच राहणार, म्हशींनी खाल्ली नसती तरी.

काठवळण
वरच्या निम्म्या भागात मीटरभर असेल. खालच्या वळणावर उभी दरड, माझ्या डोक्याच्या वर. खरं तर तिथली रोपं म्हशी जायच्या आधीच वाळली होती. मी म्हशींच्या नावावर खपवली.

रेडकू
म्हशींची माफी मागा आधी.

वाळुंजकर
रोपांबद्दल. २०० रोपं कुठली होती?

काठवळण
मिळाली ती. सुबाभूळ बरीच, निलगिरी थोडी, काही करंज.

वाळुंजकर
भीती खरी ठरली.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट ऐका. तिथं काठ धरायला परदेशी विलो लावले. भराभर वाढले, मुळांनी काठ धरला, सगळे खूश. मग फांद्या मोडून खाली वाहत गेल्या, जिथं अडकल्या तिथं रुजल्या. मुळं पात्रातच पसरली, गाळ साठला, पाणी बाजूनं काठ कापत नव्या वाटा काढू लागलं. शेवटी बहुतेक विलो राष्ट्रीय पातळीवरचं तण ठरले आणि जिथं लावले तिथूनच काढायची वेळ आली. सुबाभूळही जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० आगंतुक प्रजातींच्या यादीत आहे. नदीकाठी लावलेलं बी नदी पुढे नेते, तुमची चूक दहा गावांच्या काठावर उगवते.

त्या नदीवर आधीच काय उभं आहे ते बघत वर-खाली चाला. तेच लावा. आमच्याकडे पाण्याच्या कडेला वाळुंज आणि शेरणी, त्यावर निर्गुडी आणि करंज, मागे अर्जुन, जांभूळ, उंबर. क्रम महत्त्वाचा. ढासळत्या कड्याच्या टोकावर मोठं झाड लावलं तर त्याच्याच वजनानं कडा खाली येतो. टोकाला लवचीक झुडपं आणि गवत, पुरात वाकतील आणि उठतील अशी. वाळ्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, दरडीच्या माथ्यावर त्याची दाट ओळ लावा. वाळुंजीचं रोपही लागत नाही. अंगठ्याएवढी जाड फांदी तिरकी कापून, डोळे वर ठेवून, दोन तृतीयांश ओल्या मातीत ठोकायची.

आणि रोपापेक्षा त्याच्या बुंध्याशी लक्ष द्या. कुंपण घातलं की चरण थांबतं, गवत कंबरेएवढं होतं आणि रोप त्यात गुदमरतं. पहिली तीन वर्षं बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवली तर निम्मी लढाई जिंकली.

चिखलपाय
+१. माझ्या आतल्या भागात पहिल्या वर्षी इतकं गवत झालं की रोपं शोधायला काठी घेऊन फिरत होतो.

सरडा
बेशरम लावा की. कुंपण पण तीच, झाड पण तीच, फांदी टाकली की उगवते, जनावर खात नाही.

डॉक्टरगोठा
कृपा करून नको. जनावर खात नाही हा गैरसमज आहे. चाराटंचाईत शेळ्या खातात, सवय लागली की शोधून खातात. आठवड्यांनी मान थरथरते, चाल अडखळते, तेव्हा उशीर झालेला असतो. आणि ती पाण्यातच पसरते, नाव उगाच पडलेलं नाही.

शेळीवाली
शेळ्यांचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझी जमीन नाही. आमच्या २२ शेळ्या दुसऱ्यांच्या काठावरून पाणी पितात. तिथल्या मालकानं मागच्या वर्षी कुंपण घातलं, न सांगता. दुसरा पाणवठा लांब, मध्ये वाहता रस्ता. तार कोणी कापली मला माहीत नाही, पण का कापली ते माहीत आहे.

कुंपणाला फाटक ठेवा. एकच जागा ठरवा, काठ कमी उंच असेल तिथं. दगड-मुरूम टाकून उतार पक्का करा, दोन्ही बाजू बांधून घ्या म्हणजे जनावर पितं आणि माघारी फिरतं, आडवंतिडवं पसरत नाही. वाट राहिली तर बाकीच्या काठाला आम्हीच राखण करू. शेळी एका तारेला जुमानत नाही. तिथं तार नाही, बोलणंच कामाला येतं.

कात्री
अख्ख्या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

झटकेबाज
मान्य. फक्त उतार वळणाच्या बाहेरच्या अंगाला करू नका, तिथं पाणी कापतं. सरळ भागात करा, आणि दगडाच्या कडा बोथट ठेवा.

काठवळण
बऱ्याच महिन्यांनी धागा वर काढतोय. मध्ये एक पावसाळा गेला.

क्रम उलटा केला. आधी उंचावर हौद आणि शेजारी गवताचा मांडव. मग डुंबण. मग झटका मशीनच्या दोन तारा, खालचं टोक कच्चं. काठाला कमी उंच जागी मुरूम टाकून एक उतार ठेवला आणि वरच्या वाडीतल्या शेळ्यावाल्यांना बोलावून दाखवला. त्यांनी जागा दहा हात वर सरकवायला सांगितली, सरकवली. उभ्या दरडीला हात लावला नाही, फक्त माथ्यावर वाळा लावला आणि तिथं कुंपण बरंच आत घेतलं. सुबाभूळ उपटली.

पुरात तार दोनदा पडली. पहिल्यांदा दुवा इतका पक्का बांधला होता की तुटेना, एक खांब वाकला. दुसऱ्यांदा बरोबर तुटला.

काठ किती ढासळतो ते कळावं म्हणून कडेपासून मीटरभर आत खुणेच्या खुंट्या ठोकल्या होत्या. वरच्या भागातल्या १२ पैकी ११ अजून तिथंच आहेत. दरडीवरच्या ८ पैकी ५ नदीत गेल्या, तिथं वाळा अजून वीतभरच आहे. आणि गंमत म्हणजे, जुन्या घळीच्या तोंडाशी मी काहीच लावलं नव्हतं, तिथं आपोआप करंजाची ६ रोपं आलीत. बहुतेक जुन्या झाडाच्याच शेंगा कुठंतरी पडल्या असतील.

गाई चौथ्या दिवशी हौदाला लागल्या. तीन म्हशी डुंबणात रमल्या. चौथी रोज सकाळी तारेपाशी येते, नाक लांब करून उभी राहते आणि मशीनचा टक-टक आवाज ऐकते. ज्या दिवशी बॅटरी उतरली त्या दिवशी माझ्या आधी तिला कळलं.

रेडकू
माफी मागितलीत का?

काठवळण
मागितली. खाट आता मांडवाखाली टाकलीय, दुपारी तिथंच बसून मोजणी करतो. काल उठून पाणी प्यायला गेलो तेवढ्यात चौथी येऊन खाटेला अंग घासून गेली. एक पाय मोडलाय.